ओपनसीव्हीचं थ्रेशोल्डिंग: फंक्शन चोख, पण उजेड तुम्हीच सांभाळा

ओपनसीव्ही ही चित्रं हाताळणारी सॉफ्टवेअर लायब्ररी; थ्रेशोल्डिंग म्हणजे कॅमेऱ्याच्या चित्रात पट्ट्यावरचा भाग (तपासायची वस्तू) काळ्या-पांढऱ्यात वेगळा काढणं. साध्या थ्रेशोल्डला 0 (काळा) ते 255 (पांढरा) मधला एक आकडा द्यायचा; त्याहून उजळ पिक्सेल पांढरे, बाकी काळे. वेगवान आहे, पण दिवा मंदावला की कालचा 128 आज भागाची कड खातो. ओत्सु ही दुसरी पद्धत हिस्टोग्राम (कुठल्या उजळपणाचे किती पिक्सेल, याचा आलेख) पाहून आकडा स्वतः काढते. दोन ठळक उंचवटे असले तर झकास! भाग समोर नसला तरी ओत्सु आकडा काढतेच, आणि रिकाम्या पट्ट्यावरचा नॉइज (किरकोळ ठिपके) भाग म्हणून दाखवते. म्हणून परत आलेला आकडा तपासा, मर्यादेबाहेर गेला तर फ्रेम टाकून द्या. प्रकाश असमान असेल तर अ‍ॅडॅप्टिव्ह थ्रेशोल्ड घ्या; तो प्रत्येक पिक्सेलसाठी आजूबाजूच्या चौकोनावरून वेगळा आकडा काढतो. ब्लॉक साइज, म्हणजे त्या चौकोनाची बाजू, विषमच लागते; ती भागापेक्षा लहान ठेवली की गडद भाग आतून पोकळ होतो, नुसती कड उरते. कॅमेऱ्याचं ऑटो एक्सपोजर (उजेड आपोआप कमी-जास्त करणं) मात्र आधी बंद करा, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात.