कार्ब (कर्बोदकं) मोजायचं अ‍ॅप, महिनाभर वापरून

५ पैकी ३ स्टार, आणि तेही फक्त स्कॅनरसाठी. पाकीट समोर धरलं की १०० ग्रॅममागे कार्ब किती, त्यात साखर किती, फायबर किती हे वेगवेगळं दाखवतं, ते मस्तच. पण रंगांचा प्रकार डोक्यात जातो. ओट्स टाकले लाल, कडधान्यं टाकली लाल, आणि डाएट कोला हिरवा, का तर म्हणे कार्ब शून्य! अहो फायबर पण कार्बच की, आणि मोठ्या माणसाने दिवसाला निदान २५ ग्रॅम खावं असं डब्ल्यूएचओच सांगते, मग ते काय हवेतून आणायचं?

लाल रंगाचं टाळून पहिल्या आठवड्यात २ किलो उतरले तेव्हा स्क्रीनवर फटाके बिटाके उडाले, पण त्यातलं बरंचसं पाणीच, कारण शरीर कार्ब ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं, त्या १ ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण ३ ग्रॅम पाणी असतं, साठा संपला की तेही जातं. इकडे पोट साफ होईना, जिना चढताना पाय जड, ते नोंदवायची सोयच नाही. आता रंग बंद करून नुसता स्कॅनर वापरतेय, तो ऑप्शन सेटिंगमधे पार खाली लपवलाय.