आमच्या घराने पाहिलेले व्यसनमुक्ती केंद्र: दाखल झाल्याच्या रात्रीपासून घरी परतल्यानंतरच्या महिन्यांपर्यंत

माझ्या मोठ्या भावाने ज्या निवासी व्यसनमुक्ती केंद्रात सात आठवडे उपचार घेतले, त्याविषयी हे लिहीत आहे. दादाच्या खासगीपणासाठी केंद्राचे नाव देत नाही. पण आपल्या माणसासाठी अशी जागा शोधणाऱ्या कुटुंबाला तिथे नेमके काय पाहावे हे समजावे, एवढा तपशील देण्याचा माझा प्रयत्न आहे. आम्ही हा शोध दोनदा घेतला आणि पहिल्या वेळी आमची कसोटीच चुकली. खोल्या स्वच्छ आहेत का, शिस्त कडक आहे का, एवढेच आम्ही पाहिले. रात्री तिथे डॉक्टर असतात का, हे विचारलेच नाही.

त्या पहिल्या ठिकाणी दादाची दारू दाखल होताच एका दिवसात बंद करण्यात आली, औषध काहीही दिले नाही, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला आकडी आली. असे का झाले, हे आम्हाला या दुसऱ्या केंद्रातील मानसोपचारतज्ज्ञांनी समजावून सांगितले. दारू मेंदूतील गाबा या शांत करणाऱ्या रसायनाचा परिणाम वाढवते आणि ग्लुटामेट या उत्तेजित करणाऱ्या रसायनाचा परिणाम दाबते; वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याचा मेंदू तोल राखण्यासाठी उलट बाजूने जोर लावायला शिकतो, आणि दारू अचानक थांबली की तो जोर एकटाच उरतो. हात थरथरणे, घाम येणे, छातीत धडधडणे ही लक्षणे साधारण ६ ते २४ तासांत सुरू होतात, आकडीचा धोका पहिल्या दोन दिवसांत सर्वाधिक असतो, आणि ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान काही रुग्णांना डेलिरियम ट्रेमेन्स ही भ्रमाची अवस्था येते, जी उपचारांवाचून जिवावर बेतू शकते. आम्ही मात्र तोवर या सगळ्याला इच्छाशक्तीचा अभाव समजत होतो आणि दादाला तसे तोंडावर बोललोही होतो, याचे मला आजही फार वाईट वाटते.

या केंद्राचे सर्वांत मोठे बलस्थान म्हणजे दाखल करतानाची मुलाखत. आमच्याकडून माहिती घेतल्यावर डॉक्टरांनी आम्हाला नम्रपणे बाहेर बसायला सांगितले आणि तासभर दादाशी एकट्याने बोलले. त्यांनी ‘गोळ्या घेता का?’ असे विचारले नाही, तर ‘झोप येण्यासाठी काय काय घेऊन पाहिले?’ असे विचारले, आणि दोन वर्षांपासून चाललेल्या झोपेच्या गोळ्यांची गोष्ट, जी वहिनीलाही ठाऊक नव्हती, तेव्हा बाहेर आली. लघवीच्या तपासणीतही ती दिसली. दादाच्या गोळ्या बेन्झोडायझेपिन गटातल्या होत्या, आणि त्या अचानक थांबवल्या तरी आकडी येऊ शकते, म्हणून दहा दिवसांत आटोपेल असे आम्हाला वाटत असलेले डिटॉक्स, म्हणजे शरीराला नशेच्या पदार्थाशिवाय राहण्याची सवय लावण्याचा टप्पा, गोळ्यांची मात्रा हळूहळू उतरवत काही आठवडे चालले. आठवड्याभरात दारू सोडवून देण्याची हमी देणाऱ्या जाहिराती आम्हीही वाचल्या होत्या. त्यामुळे ‘इतके दिवस लागतील, आणि त्यापुढचेही काम शिल्लक राहील’ हे डॉक्टरांचे सरळ उत्तर आम्हाला तेव्हा कठोर वाटले, पण ते अगदी खरे निघाले.

पहिल्या पाच रात्री परिचारिका ठरावीक अंतराने एक तक्ता घेऊन येत असे. त्यात मळमळ, थरथर, घाम, अस्वस्थता, भास, डोकेदुखी, दिवस-तारखेचे भान अशा १० बाबींना गुण द्यायचे असतात, एकूण गुण ६७ पर्यंत जातात, आणि त्या बेरजेवरून औषधाची पुढची मात्रा ठरते. माणूस गुंगीत पडून राहावा म्हणून औषध देणे आणि त्याच्या त्रासाच्या मापाने औषध देणे यांतला फरक मला त्या तक्त्यामुळे कळला. ग्लुकोजच्या आधी थायमिनचे इंजेक्शन देण्याची दक्षताही त्यांनी घेतली. दीर्घकाळ पिणाऱ्यांच्या शरीरात या जीवनसत्त्वाचा साठा संपलेला असतो, आणि त्याच्या अभावी वेर्निके एन्सेफॅलोपॅथी हा मेंदूचा विकार होऊन स्मृती कायमची जाऊ शकते.

समुपदेशनाबद्दल थोडक्यात सांगते. तलफ कधी, कुठे, कोणासोबत उठते याची नोंद ठेवायला लावणारी वैयक्तिक सत्रे उत्तम होती; दुपारची व्याख्याने मात्र एकसुरी होती आणि तिसऱ्या आठवड्यापासून तेच विषय पुन्हा आले. १९३५ साली सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या चळवळीची साप्ताहिक सभा तिथे होत असे, पण जाण्याची सक्ती नव्हती, हे मला आवडले. अफूजन्य पदार्थांच्या व्यसनातून बाहेर येणाऱ्या रुग्णांना तलफ आणि त्रास आवरणारे ब्युप्रेनॉर्फिन हे औषध दीर्घकाळ चालू ठेवले जात होते आणि त्यांच्या नातेवाइकांना, अशा पदार्थाची मात्रा जास्त झाल्यास तिचा परिणाम उलटवणारे नॅलोक्सोन कसे द्यायचे ते शिकवले जात होते. त्यामागचे कारण प्रत्येक कुटुंबाने समजून घ्यायला हवे: काही आठवडे पदार्थ बंद राहिला की शरीराची सहनशक्ती उतरते, आणि मग पूर्वीचीच मात्रा प्राणघातक ठरते.

एक प्रसंग मुद्दाम नोंदवते. आईने डॉक्टरांना विचारले की घरी गेल्यावर दादाला न कळता जेवणातून डायसल्फिरॅम देता येईल का. त्यांनी स्पष्ट नकार दिला. या औषधावर असताना दारू घेतली तर शरीरात अॅसिटाल्डिहाइड हे विषारी रसायन साचते, चेहरा लाल होतो, उलट्या आणि धडधड सुरू होते, रक्तदाब घसरू शकतो. रुग्णाला ठाऊक नसेल तर तो जिवाला मुकू शकतो, आणि कळले तर घरच्या अन्नावरचा त्याचा विश्वास उडतो. आईला त्यांनी एका शब्दानेही कमी लेखले नाही. यकृताच्या तपासण्या पाहून आणि दादाशी चर्चा करून त्यांनी तलफ कमी करणारे नॅलट्रेक्सोन सुरू केले.

माझी खरी तक्रार घरी सोडण्याच्या पद्धतीबद्दल आहे. सात आठवड्यांत कुटुंबासाठी सत्रे झाली ती फक्त दोन. पुढची भेट तीन आठवड्यांनंतरची दिली, मधल्या काळात केंद्राकडून एकही फोन आला नाही, आणि झोप न लागणे, चिडचिड, उदासपणा हे कित्येक आठवडे, कधी महिनेही टिकू शकते हे वहिनीला कोणीच सांगितले नाही. दादा रात्री दोन वाजता येरझाऱ्या घालताना दिसला की त्याने पुन्हा घेतली असावी असे तिला वाटे, ती विचारत असे, आणि त्यातून दोघांत कडाक्याचे वाद होत. रुग्णाचे पहिले पाच दिवस इतक्या बारकाईने सांभाळणाऱ्या संस्थेने घरचे पहिले पंधरा दिवस असे वाऱ्यावर सोडावेत, हे मला अजिबात पटलेले नाही, आणि मी तसे त्यांना लेखी कळवले.

चौथ्या महिन्यात दादा दोन दिवस प्यायला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने स्वतः केंद्राला फोन केला, आणि त्यांनी त्याच दिवशी बोलावून घेतले. कोणी दरडावले नाही. रक्तदाब पाहिला, तोच तक्ता पुन्हा भरला, औषध कोणत्या दिवसापासून चुकले ते विचारले. व्यसनातून बाहेर पडणाऱ्यांपैकी ४० ते ६० टक्के जणांची अशी घसरण होते आणि हे प्रमाण उच्च रक्तदाब किंवा दम्याच्या रुग्णांमध्ये आजार पुन्हा उसळण्याच्या प्रमाणाजवळ जाते, असे डॉक्टरांनी या वेळी वहिनीला समोर बसवून सांगितले. दाखल करण्याची गरज पडली नाही. तेव्हापासून दादाची भेट दर पंधरा दिवसांनी ठरलेली असते, मधल्या आठवड्यात समुपदेशकांचा फोन येतो, आणि वहिनी व्यसनी माणसांच्या नातेवाइकांसाठी असलेल्या अल-अॅनॉनच्या सभेला जाऊ लागली आहे.