किनारा की घाटपायथा?

चिपळूणचा मित्र कॉलेजच्या २० मुलांसाठी सर्व्हायव्हल शिबिर ठरवतोय. गुहागरचा किनारा घ्यावा की कुंभार्ली घाटाच्या पायथ्याचं जंगल, यावर अडलाय.

त्याला म्हटलं, आधी पाणी बघ. डिसेंबरात पायथ्याचे वहाळ बरेचदा वाहते असतात, त्यामुळे गाळून-उकळून पिणं खरंखुरं शिकता येतं. किनाऱ्यावर गोड्या पाण्यासाठी वाडीतली विहीरच गाठावी लागते. निम्मा धडा तिथेच बुडतो. चूल मात्र किनाऱ्यावर सोपी, नारळाची सोडणं आणि सुक्या झावळ्या पटकन पेटतात.

धोका दोन्हीकडे आहे. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, कालच्या अंदाजावर खडकांत गेलेला गट अडकतो. जंगलात दगडाखालचं फुरसं. सर्पदंशावरचं प्रतिविष असलेलं रुग्णालय किती दूर, हे गाडीने स्वतः जाऊन मोज. मला हीच सगळ्यात मोठी काळजी वाटते.

राखीव वनात वनविभागाची लेखी परवानगी हवी, खासगी रानात मालकाची. किनाऱ्यावर ग्रामपंचायतीला विचार. थंडीत कासवं अंडी घालायला येतात तिथे रात्री शेकोटी, टॉर्च नकोच.

मुलं नवखी आणि प्रशिक्षक एकच असेल तर किनारा. प्रथमोपचार येणारे दोघे सोबत असतील, तर बेलाशक जंगल.