२८ टक्क्यांचं तरंगतं खाद्य : दाणा पास, पोत्यामागचा तक्ता नापास

डाळिंबाच्या शेततळ्यात मासे सोडणारे आता आमच्या सांगोल्याकडं वस्तीवस्तीला सापडतात आणि भेटला की प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच, ‘खाद्य कुठलं घालता?’ म्हणून आम्ही घालतो त्या तरंगत्या खाद्याबद्दल हे लिहितेय. माझ्याकडून त्याला तीन स्टार. कंपनीचं नाव घेत नाही. याच मापाचं, याच टक्केवारीचं पोतं चार-पाच कंपन्यांचं मिळतं आणि माझी तक्रार त्यातल्या एकीपुरती नाही. आंध्रातून येणारं, ४ मिलिमीटरचं, पाण्यावर तरंगणारं खाद्य. पोत्यावर छापलंय २८ टक्के प्रथिनं, ४ टक्के स्निग्ध पदार्थ. किलोला पन्नाशीच्या आसपास पडतं, उधारीवर घेतलं तर त्याहून वर.

आधी तळं सांगते, कारण तळं न सांगता खाद्य सांगण्यात अर्थ नाही. आमचं ३० बाय ३० बाय ३ मीटरचं, ५०० मायक्रॉनचा प्लॅस्टिकचा कागद टाकलेलं. काठोकाठ भरलं तर २,१९६ घनमीटर, म्हणजे जवळपास २२ लाख लिटर. हे पाणी मुळात डाळिंबाचं. मासे त्यात पाहुणे. पाऊस सरला की ठिबकला पाणी जात राहतं आणि मे येईपर्यंत तळं निम्म्यावर येतं. मासे तेवढेच असतात, उलट अंगानं दुप्पट-तिप्पट झालेले. रूपचंद सगळ्यात जास्त, मग पंगस, थोडे रोहू आणि हौसेचे म्हणून कटला.

आता दाणा. पोतं उसवलं की मी आधी वास घेते. ताज्या खाद्याला सुकटीचा वास येतो, जुनं खवट मारतं. मग पिठाच्या चाळणीत दोन ओंजळी चाळायच्या आणि खाली भुगा किती पडतो ते बघायचं. भुगा माशाच्या तोंडी लागत नाही, सरळ पाण्यात जातो, आणि त्याचेही पैसे आपण दिलेले असतात. या पोत्यात चमचाभरच पडला. शेवटची परीक्षा पातेल्यातली. तळ्याचं पाणी घेऊन त्यात मूठभर दाणे टाकायचे आणि स्वयंपाकाला लागायचं. भाकऱ्या उरकेपर्यंत दाणा फुगतो, वरून मऊ पडतो, पण चिमटीत दाबला की मधला गाभा अजून टणक लागतो. पाणी गढूळ होत नाही. एखाद-दुसरा दाणा तळाला जातो, बाकीचे वरच. एक्स्ट्रूडरमध्ये, म्हणजे दाणा बनवायच्या यंत्रात, वाफ, दाब आणि उष्णता यांनी मक्यातलं, तांदळातलं पिष्ट शिजून चिकट होतं आणि साच्याच्या भोकातून बाहेर पडताना दाब सुटला की दाणा कुरमुऱ्यासारखा फुलतो. म्हणून तो तरंगतो. इथं कंपनीला पुरे मार्क.

या उष्णतेचा एक तोटा असतो. साधं क जीवनसत्त्व तीत टिकत नाही आणि चिलापी (तिलापिया), पंगस यांसारखे मासे ते स्वतःच्या अंगात तयार करत नाहीत. कमी पडलं की कणा वाकतो, जखमा भरून येत नाहीत. म्हणून खाद्यात उष्णतेला दाद न देणारं, फॉस्फेटला जोडलेलं क जीवनसत्त्व घालतात. आमच्या पोत्यावर फक्त ‘जीवनसत्त्वे व खनिजे’ एवढंच. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, “ताई, सगळं आहे त्यात.” बरं बाबा. आमच्या तळ्यात वाकडा मासा निघालेला नाही, एवढं मात्र खरं.

आमच्याकडं अजून बरेच जण शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा निम्मा-निम्मा कालवून घालतात. स्वस्त पडतं, नाही म्हणत नाही. मातीच्या तळ्यात ते चालूनही जातं, कारण माशानं न खाल्लेल्या पेंडीचं खत होतं, त्यावर प्लवंग, म्हणजे पाण्यातले बारीक जीव, वाढतात आणि मासे ते खातात. कागदाच्या तळ्यात उरलेली पेंड तळाला बसून नुसती कुजते. दुसरी भीती बुरशीची. पावसाळ्यात दमट खोलीत पडलेल्या पेंडीत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष तयार होतं आणि ते माशाच्या यकृतावर जातं. १९६० साली अमेरिकेतल्या मत्स्यबीज केंद्रांत ट्राउट माशांना यकृताचा कर्करोग झालेला आढळला होता. तपास खाद्यातल्या बुरशी लागलेल्या सरकी पेंडीपर्यंत गेला. आपल्याकडं काळी पडलेली पेंड “जनावराला नको, माशाला टाक” म्हणून तळ्यावर येते, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

तरंगत्या खाद्याचा मला वाटतो तो मोठा फायदा प्रथिनांचा नाही, दिसण्याचा आहे. मासा पाण्याखाली काय करतो ते आपल्याला कळत नाही. खायला वर येतो तेवढीच भेट. गेल्या उन्हाळ्यात बांबूच्या चौकटीत टाकलेलं खाद्य अर्ध्या तासानंतरही तसंच फिरत राहिलं. रूपचंद कागदाला अंग घासत होते, मधेच एखादा चमकून जाई. जाळं टाकून एक काढला. परांच्या बुडाशी मसुराच्या डाळीएवढे, चपटे, पारदर्शक ठिपके. बोट लावलं की सरकत होते. अर्ग्युलस, म्हणजे माशांची ऊ. बोटुकल्यांबरोबर, म्हणजे सोडायला आणलेल्या बोटभर पिल्लांबरोबर, आली असणार. ही ऊ अंडी टणक पृष्ठभागावर घालते आणि कागदाच्या तळ्यात तिला टणक पृष्ठभागच पृष्ठभाग. आम्ही दोरीला लाकडी फळ्या बांधून सोडल्या आणि अंड्यांच्या रांगा दिसल्या की फळी काढून उन्हात वाळवत राहिलो. बुडणारं खाद्य असतं तर तळाला पडलेल्या खाद्याचा पत्ता लागेपर्यंत निम्मे मासे जखमी झाले असते.

मग तीनच स्टार का? पोत्याच्या मागच्या तक्त्यामुळं.

तक्त्यात डावीकडं माशाचं वजन आणि उजवीकडं त्या वजनाच्या किती टक्के खाद्य रोज द्यायचं ते. १०० ग्रॅमला ४ टक्के, मग ३, ५०० ग्रॅमच्या पुढं २. बास. पाणी किती, पाण्याचं तापमान किती, महिना कुठला, याला रकानाच नाही. किनारपट्टीवरच्या मोठ्या, मातीच्या तळ्यांसाठी केलेला तक्ता छापून तोच आमच्या माळावर पाठवलाय, असं वाटतं.

आमचा हिशेब मांडते. तक्त्याप्रमाणं दिवसाला ९ किलो खाद्य पडलं असं धरा. २८ टक्क्यांनी त्यात अडीच किलो प्रथिनं. प्रथिनांत साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे ४०० ग्रॅम. त्यातला फार तर तिसरा हिस्सा माशाच्या अंगी लागतो. उरलेला २७० ग्रॅमच्या आसपास पाण्यात, आणि त्यातला बराचसा अमोनिया होऊन माशाच्या कल्ल्यांतून. भरल्या तळ्यात हे लिटरला ०.१२ मिलिग्रॅम होतं. मेमध्ये पाणी निम्मं असताना तेच पाव मिलिग्रॅम, आणि ते रोज. शेवाळं आणि जिवाणू त्यातला काही उचलतात, पण कागदावर मातीचा थर नसल्यानं त्यांचं बिऱ्हाडही लहान.

अमोनियाच्या आकड्यानं एकट्यानं काही कळत नाही, सामू (पीएच) बघावा लागतो. पाणी २८ अंशांवर आणि सामू ८ असेल तर एकूण अमोनियातला साधारण साडेसहा टक्के विषारी रूपात असतो. सामू ९ झाला की तोच ४० टक्क्यांच्या वर जातो. उन्हाळ्यात हिरव्या पाण्याचा सामू दुपारी चढतो, कारण शेवाळं कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं. पाणी तपासायच्या किटच्या नळीत सकाळी जो अमोनिया निरुपद्रवी दिसला, तोच दुपारी चारला माशाचे कल्ले जाळू शकतो. आणि पोत्यासोबतच्या कागदावर सल्ला काय, तर दर महिन्याला एकरी इतका चुना टाका! आंबट मातीच्या तळ्याला चुना लागतो. आमचं बोअरचं पाणी मुळात जड आणि अल्कधर्मी, खाली माती नाही. सामू ८.५ असताना वर चुना कशाला?

थंडीची गोष्ट वेगळी. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा गारठा पडला की तळ्याचं पाणी २० अंशांकडं उतरतं. माशाचं शरीर पाण्याच्या तापमानावर चालतं. रूपचंद तर ॲमेझॉन खोऱ्याकडचा, त्याला हा गारठा सोसत नाही. तो तळाला जाऊन गप्प राहतो. पचन मंदावतं, रोगाशी झुंजायची ताकदही. त्या दिवसांत तक्त्याप्रमाणं खाद्य टाकणं म्हणजे पाणी नासवणं. आम्ही ऊन चांगलं तापल्यावर, अकरा-बाराच्या पुढं, एकदाच आणि निम्म्याहून कमी घालतो. ढगाळ दिवशी अजिबात नाही. दुकानदाराला हे पटत नाही. “ताई, उपाशी ठेवून मासा वाढतो का?” त्याचं बरोबर आहे, त्याला पोती विकायची आहेत.

उन्हाळ्यात उलटं दुखणं. माशाला भूक भरपूर, पाण्यात प्राणवायू कमी. २० अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरला ९ मिलिग्रॅमपर्यंत प्राणवायू मावतो, ३० अंशांला साडेसात, आणि आमचा भाग समुद्रसपाटीपासून उंच असल्यानं त्याहूनही थोडा कमी. खाल्लेलं पचवायलाही माशाला जास्तीचा प्राणवायू लागतो आणि ही मागणी खाल्ल्यानंतर काही तास चढलेली राहते. संध्याकाळी सहाला पोटभर घातलं तर मासे ते रात्री पचवणार, तेव्हा ऊन नाही, शेवाळं प्राणवायू सोडत नाही, उलट तेही ओढतं. पहाटे चार-पाचला पाण्यात सगळ्यात कमी प्राणवायू असतो. पंगस वर येऊन हवा घेतो, ती त्याची सवयच आहे, त्यावरून काही ठरवू नका. रोहू तोंड वर काढून फिरायला लागला की धावायचं.

धावायचं म्हणजे एरिएटरकडं, पाण्यात हवा मिसळणाऱ्या यंत्राकडं, आणि तिथं येते वीज. शेतीपंपाची थ्री फेज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळी असली की एरिएटर पहाटेपर्यंत चालतो, मासे निवांत. दिवसपाळीच्या आठवड्यात पहाट आमच्या हातात नाही. म्हणून आम्ही खाद्याची वेळ महावितरणच्या वेळापत्रकाला बांधून टाकली. रात्रीची वीज असेल तर सकाळी नऊ आणि दुपारी तीन, दोन वेळा. दिवसाची असेल तर सकाळचं एकच आणि तेही थोडं हात राखून. असा तक्ता कुठल्याही पोत्यावर छापून येणार नाही.

एवढं करून खाद्याचं गुणोत्तर दीडच्या आत-बाहेर बसतं, म्हणजे किलो मासळीला दीड किलो खाद्य. तक्त्यानं घालणाऱ्या शेजारच्या भाऊजींचं दोनाकडं जातं आणि त्यांच्या ठिबकचा डिस्क फिल्टर हिरव्या लेपानं सारखा तुंबतो. त्यांचंही खाद्य हेच.

दुकानात या पोत्यासोबत ‘प्रतिकारशक्ती वाढवणारं’ एक डबडं गळ्यात मारतात. दाण्याला चोळून घालायचं, वर तेलाचा हात. माशाला आधी ताण कमी हवा: खाद्य आवरा, तळाचा गाळ मधूनमधून पंपानं ओढून डाळिंबाला द्या, जाळं टाकायचं असेल तर पहाटे किंवा भर उन्हात टाकू नका. त्या डबड्याच्या पैशांत खडेमिठाचं पोतं येतं. पाण्यात नायट्राइट (अमोनियापासून जिवाणू तयार करतात ते विषारी रूप) वाढलं तर मिठातलं क्लोराइड ते कल्ल्यांतून रक्तात शिरायला अडवतं, एवढा तरी त्याचा स्पष्ट उपयोग आहे. एखादा घटक निघाला गुणाचा तर निघू दे, पण डब्यावर काय किती आहे ते लिहिलेलं नसताना मी घेणार नाही.

कुणी घ्यावं? रूपचंद, पंगस, चिलापी असेल तर बिनधास्त. रोहू शिकतो, थोडा वेळ लागतो. कटला मुळात पाण्यातले बारीक जीव गाळून खाणारा. कागदाच्या स्वच्छ तळ्यात त्याला तेच मिळत नाहीत आणि ४ मिलिमीटरच्या दाण्यावर रूपचंद त्याच्या आधी तुटून पडतात. आमचे कटला सगळ्यांच्या मागं राहिलेत. मृगळ तळाशी चरणारा, त्याच्यासाठी हे खाद्य नाहीच. आणि बोटुकली सोडली असेल तर ४ मिलिमीटरचा दाणा तिच्या तोंडात जात नाही. तिला बारीक, जास्त प्रथिनांचं वेगळं घ्यावं लागतं, ते मागून घ्या.

घरी आणल्यावर पोती जमिनीवर आणि भिंतीला टेकून ठेवू नका, खाली फळ्या घाला. आमच्याकडं उंदरांनी कोपरा कुरतडला की ते पोतं आधी संपवतो. उत्पादनाची तारीख शिलाईतल्या चिठ्ठीवर असते, तीन महिन्यांची मुदत असते. दुकानदार सुटं खाद्य थोडं स्वस्त देतो म्हणाला तरी घेऊ नका, आणि चिठ्ठी फाडलेली असेल तर शिलाई बंद असली तरी ते पोतं परत करा.