कथा-कादंबरीकारासाठी 'ब्लॉगर': जागा फुकट मिळते, मांडणी आपली आपण करावी लागते

ब्लॉगर ही ब्लॉग लिहिण्याची सेवा ऑगस्ट १९९९ मध्ये पायरा लॅब्सनं सुरू केली आणि फेब्रुवारी २००३ मध्ये गूगलनं ती विकत घेतली. तिची बांधणी मुळात रोजनिशीची आहे: आजची नोंद वर, कालची तिच्याखाली. पाककृती, प्रवासवर्णन, स्फुट लेख यांना हे चालतं. कथेला चालत नाही. क्रमशः कादंबरीच्या वाचकाला पहिल्याच पडद्यावर बारावं प्रकरण दिसतं. नायिका घर सोडून निघालेली असते आणि ती त्या घरात आली कशी, हे कळायला त्याला अकरा नोंदी खाली उतरावं लागतं. बहुतेक वाचक उतरत नाहीत, खिडकी बंद करतात.

तरीही पूर्ण झालेलं ललित लेखन कायमस्वरूपी ठेवायला फुकटात मिळणाऱ्या जागांमध्ये ब्लॉगर आजही चांगली निवड आहे, असं आमचं मत आहे. स्वतःचं डोमेन, म्हणजे स्वतःच्या नावाचा वेब-पत्ता, विकत घेतलंत, तर ते जोडायला इथे वेगळे पैसे पडत नाहीत. मांडणीवर पूर्ण ताबा मिळतो. फक्त पहिली नोंद टाकण्याआधी एक दिवस बसून घडी बसवावी लागते. नंतर बसवायची म्हटली तर बरंच उसवावं लागतं.

आधी क्रमाचं बघू. अनेक लेखक प्रत्येक प्रकरणाला कादंबरीच्या नावाचं लेबल, म्हणजे नोंदी गटात लावणारी चिठ्ठी, लावतात आणि लेबलाचा दुवा वाचकाला देतात. याचा उपयोग थोडाच, कारण लेबलाच्या पानावरही नवं प्रकरण वर आणि जुनं खालीच राहतं. शिवाय ब्लॉगरच्या मूळ रोबॉट्स फाइलमध्ये (शोधयंत्रांनी कुठली पानं पाहू नयेत हे सांगणारी यादी) पत्त्यात 'सर्च' असलेली सगळी पानं शोधयंत्रांसाठी बंद असतात आणि लेबलाची पानं त्यातच मोडतात. म्हणजे ती गूगलवर शोधून येणाऱ्या वाचकाच्या कामाची नाहीत. त्यातून लेबल देवनागरीत असेल तर व्हॉट्सॲपवर पाठवताना दुव्याची लांबच लांब शेपटी होते. देवनागरीचं एकेक चिन्ह तिथे नऊ रोमन चिन्हांनी लिहिलं जातं, त्यामुळे 'कथा' एवढ्या शब्दाची २७ चिन्हं होतात.

खरा उपाय म्हणजे 'पेज' या प्रकारात अनुक्रमणिकेचं एक स्वतंत्र पान करणं. त्यावर कादंबरीचं नाव, दोन-तीन ओळींची ओळख आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रकरणांचे दुवे हातानं द्यायचे. नवं प्रकरण आलं की यादीत एक ओळ वाढवायची. प्रत्येक प्रकरणाच्या तळाशी 'मागील प्रकरण', 'अनुक्रमणिका', 'पुढील प्रकरण' असे तीन दुवे हवेत. यातला 'पुढील'चा दुवा नेहमी विसरतो, कारण नववं प्रकरण टाकताना दहावं अस्तित्वातच नसतं. म्हणून दहावं प्रसिद्ध झालं की लगेच नवव्यात जाऊन तो दुवा जोडायचा. वाचक गळू शकतात ते याच जागी.

कादंबरी पूर्ण लिहून तयार असेल तर आणखी एक सोपी वाट आहे. ब्लॉगर क्रम लावतो तो प्रसिद्धीच्या तारखेवरून, आणि ती तारीख तुम्ही मागची देऊ शकता. पहिल्या प्रकरणाला आजची, दुसऱ्याला कालची, तिसऱ्याला परवाची, अशा उलट्या तारखा दिल्या की मुखपृष्ठावर पहिलं प्रकरण सगळ्यात वर येतं. मात्र नोंदीच्या पत्त्यात वर्ष आणि महिना असतो, म्हणून तारीख प्रसिद्ध करण्यापूर्वीच ठरवा.

पत्त्याचाच विषय निघाला आहे, तर मराठी लेखकाला हमखास नडणारी गोष्ट सांगायला हवी. शीर्षक देवनागरीत असलं की ब्लॉगर त्यातून पत्ता बनवू शकत नाही. तो सरसकट 'ब्लॉग-पोस्ट' असं नाव देतो आणि पुढच्या नोंदींना त्याच नावापुढे आकडे चिकटवतो. चाळीस कथांचे चाळीस सारखे दिसणारे पत्ते तयार होतात आणि कुठला कशाचा हे लेखकालाही सांगता येत नाही. लिहिताना उजवीकडच्या पट्टीत 'परमालिंक' उघडून 'कस्टम' निवडा आणि रोमन लिपीत कथेचं छोटं नाव व प्रकरणाचा आकडा टाका. इथे रोमन अक्षरं, आकडे, जोडरेघ, अधोरेघ आणि टिंब एवढंच चालतं. हे प्रसिद्धीआधीच करायचं. नंतर बदलायचं तर नोंद पुन्हा मसुद्यात न्यावी लागते आणि तोपर्यंत लोकांनी पुढे पाठवलेला जुना दुवा तुटतो. तुटलाच, तर सेटिंग्जमध्ये जुन्या पत्त्यावर आलेल्याला नव्यावर नेणारं 'कस्टम रीडायरेक्ट' आहे. त्यात जुना पत्ता आणि नवा पत्ता भरून ठेवावा.

अक्षरांच्या बाबतीत ब्लॉगरच्या तयार थीम, म्हणजे पानाच्या सजावटीचे साचे, निराश करतात. त्या रोमन लिपीच्या मापानं केलेल्या आहेत. काही थीममध्ये शीर्षकाला लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) दिलेलं असतं. रोमन अक्षरांना त्यानं डौल येतो, देवनागरीत मात्र शिरोरेषा अक्षरागणिक तुटते. थीमच्या 'कस्टमाइझ'मध्ये 'ॲड सीएसएस' ही सजावटीचे नियम लिहायची जागा आहे, तिथे लेटर-स्पेसिंग शून्य करा. ओळींमधलं अंतर १.७ ते १.८ ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात. अक्षराचा आकार १८ पिक्सेलच्या खाली नको. दोन्ही कडा समान करण्याचा मोहही टाळावा. फोनच्या अरुंद पडद्यावर मराठीतले लांब शब्द मावत नाहीत आणि ओळीत भोकं पडतात. डावी कड सरळ आणि उजवी मोकळी असलेला मजकूर अधिक सुखानं वाचला जातो. फाँट गूगल फाँट्समधून फुकट घेता येतो. दीर्घ वाचनासाठी 'टिरो देवनागरी मराठी' उत्तम, कारण त्यात श आणि ल मराठी वळणाचे आहेत. साधा, सरळ रेघांचा हवा असेल तर 'मुक्ता'.

तिरप्या अक्षरांचा नाद सोडावा. देवनागरीच्या बहुतेक फाँटांत खरं तिरपं वळण नसतं, ब्राउझर उभंच अक्षर कलतं करून दाखवतो आणि ते वाचवत नाही. पात्राच्या मनातलं बोलणं एकेरी अवतरणात द्या.

लेखन थेट ब्लॉगरच्या खिडकीत करू नका. सेवेतला सर्वात गंभीर दोष हा आहे: इथे जुन्या आवृत्त्या राहत नाहीत. परिच्छेद पुसून जतन केला की तो गेला. कथेचं तर सगळं काम खोडण्यात आणि परत आणण्यात असतं. गूगल डॉक्स किंवा वर्डमध्ये लिहा, तिथली प्रत हीच मूळ प्रत समजा आणि शेवटचा हात फिरल्यावरच इथे आणा. आणताना साधं पेस्ट केलंत तर वर्डचे फाँट, आकार आणि अंतर यांच्या अदृश्य खुणा सोबत येतात. मग एक परिच्छेद मोठा, एक लहान असं दिसतं आणि तुम्ही निवडलेला फाँट लागत नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही एकत्र दाबून फक्त मजकूर पेस्ट करा. ठळक केलेले शब्द यात साधे होतात, ते पुन्हा करावे लागतात. तेवढं सोसावं.

पेस्ट करण्याआधी मूळ प्रतीत दोन गोष्टी शोधून बदलाव्यात. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यांतला अर्धा र दोन प्रकारे टंकलेला असू शकतो: नुक्त्याचा ऱ वापरून, किंवा साध्या र ला एक अदृश्य जोडचिन्ह लावून. ते अदृश्य चिन्ह मजकूर इकडून तिकडे नेताना गळू शकतं आणि मग 'दुसर्या' असा रफार उमटतो. सगळीकडे ऱ करून घ्या. इन्स्क्रिप्ट कळफलकावर तो र च्याच कळीवर शिफ्ट दाबून मिळतो. तसंच ॲ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीच्या सवयीनं अ ला वेगळा चंद्र जोडलेला असेल, तर डोळ्याला दोन्ही सारखे दिसले तरी शोधयंत्राला ते वेगळे शब्द वाटू शकतात.

ठरलेल्या वेळी प्रकरण आपोआप प्रसिद्ध होण्याची सोय चांगली आहे, पण आधी सेटिंग्जमधला टाइम झोन पाहा. तो अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्याचा राहिला असेल तर सकाळी आठला लावलेलं प्रकरण भारतात रात्री साडेआठला किंवा, तिकडे हिवाळा असेल तर, साडेनऊला येतं. वाराची शिस्त पाळायची असेल तर चार प्रकरणं हाताशी तयार ठेवूनच पहिलं सोडा. एका प्रकरणाला १२०० ते १८०० शब्द पुरतात. त्याहून लांब प्रकरण फोनवर एका बैठकीत संपत नाही.

वाचकाला नव्या प्रकरणाची खबर देणं हा ब्लॉगरचा दुबळा भाग आहे. ईमेलनं नोंदी पाठवणारं गॅजेट २०२१ मध्ये बंद झालं. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी वापरलीत, तर ज्यांनी तुमचा क्रमांक जतन केला आहे त्यांनाच संदेश जातो, हे ध्यानात ठेवा.

आता जरा नाजूक मुद्दा. ब्लॉगवर टाकलेली कथा ही प्रकाशित कथा आहे. दिवाळी अंकांना सहसा अप्रकाशित साहित्य लागतं आणि 'फक्त ब्लॉगवर होती' ही सबब चालत नाही. अंकासाठी राखलेली कथा इथे आणू नका. अंकात आल्यावर, संपादकांशी ठरलेला काळ उलटला की अंकाचं नाव व वर्ष देऊन खुशाल टाका. कच्चा खर्डा चार-पाच जाणत्यांना दाखवायचा असेल, तर वेगळा ब्लॉग काढून तो फक्त निमंत्रित वाचकांपुरता ठेवता येतो. त्यासाठी त्या प्रत्येकाचं गूगल खातं लागतं.

चोरीच्या भीतीनं राइट-क्लिक बंद करणारे तुकडे बसवू नयेत. चोराला ते अडवत नाहीत आणि आवडलेलं वाक्य उतरवून घेणाऱ्या भल्या वाचकाला छळतात. त्यापेक्षा सेटिंग्जमध्ये साइट फीड (नव्या नोंदींचा आपोआप बाहेर जाणारा मजकूर) 'जंप ब्रेकपर्यंत' करा आणि प्रत्येक नोंदीत पहिल्या दीडशे शब्दांनंतर जंप ब्रेक, म्हणजे 'पुढे वाचा'ची खूण, घाला. फीडवरून आपोआप मजकूर उचलणाऱ्यांच्या हाती तेवढाच तुकडा लागतो. कथा लिहिली त्या क्षणी स्वामित्वहक्क तुमचाच असतो. १९५७ च्या कायद्यात त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. चोरलेली कथा ब्लॉगरवरच्याच दुसऱ्या ब्लॉगवर असेल तर गूगलच्या कायदेशीर तक्रारीच्या अर्जात मूळ आणि नकल अशा दोन्ही नोंदींचे दुवे द्यावे लागतात. तुमचे पत्ते नीटनेटके असतील तर तेही सोपं जातं.

वर्डप्रेस डॉट कॉमच्या फुकट योजनेत जुन्या आवृत्त्या राहतात आणि नोंदी जुन्याकडून नव्याकडे लावता येतात. ललित लेखनासाठी हे दोन्ही गुण मोठे आहेत. पण त्या योजनेत त्यांच्या जाहिराती दिसतात आणि स्वतःचं डोमेन जोडायला पैसे भरावे लागतात. ज्यांना दरवर्षी खर्च करणं शक्य आहे त्यांनी खुशाल तिकडे जावं. प्रतिलिपी या कथा-संकेतस्थळावर वाचक आयता मिळतो आणि मालिकेचा क्रमही लागतो, फक्त पान कसं दिसावं हे तुमच्या हातात नसतं.

महिन्यातून एकदा सेटिंग्जमधून मजकुराची प्रत उतरवून घ्या. त्यात चित्रांचे दुवे असतात, चित्रं वेगळी जपावीत. थीमची प्रतही वेगळी घ्यावी लागते. दोन वर्षं न वापरलेलं गूगल खातं काढून टाकण्याचा अधिकार गूगलनं २०२३ च्या धोरणात स्वतःकडे ठेवला आहे. ज्येष्ठ लेखकांनी आणि त्यांच्या घरच्यांनी हे आजच पाहावं. 'परमिशन्स'मध्ये मुलाला, सुनेला किंवा विश्वासातल्या मित्राला लेखक म्हणून बोलवा आणि निमंत्रण स्वीकारल्यावर त्यांना 'ॲडमिन' करा. गूगल खात्यातल्या 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर'मध्येही ३ ते १८ महिन्यांची मुदत ठरवून १० जणांपर्यंत नावं देता येतात. तेवढा काळ खातं शांत राहिलं की गूगल त्या माणसांना कळवतो आणि तुम्ही परवानगी दिलेला मजकूर त्यांना उतरवून घेता येतो.