इंदूरमध्ये नव्यानं आलेल्या व्हीगन माणसासाठी: शहरभरचा ग्रुप की जवळपासची चार घरं?

बदली होऊन इंदूरला आलात, व्हीगन म्हणून दूध, तूप, मध असं प्राण्यांपासून येणारं सगळंच सोडलेलं आहे आणि आपल्यासारखं कुणी आहे का याचा शोध चालू आहे, तर पुढे साधारण दोन वाटा दिसतात. एक म्हणजे फोनवरचा शहरभरचा ग्रुप. त्यात शे-दोनशे नावं असतात, महिन्याला एखादं पॉटलक, म्हणजे ज्यानं त्यानं डबा आणायचं एकत्र जेवण, होतं, तेही बहुधा विजय नगर किंवा पलासियाच्या बाजूला. दुसरी वाट म्हणजे राहता तिथलीच चार-पाच घरं, चपला घालून चालत जाता येईल एवढ्या अंतरावरची. राजेंद्र नगर, सुदामा नगर, लोकमान्य नगर अशा मराठी वस्तीत घर घेतलं असेल तर ही दुसरी वाट वाटते तेवढी अवघड नाही.

आधी ग्रुपचं चांगलं ते सांगतो, कारण ते खरंच चांगलं आहे. तिथे पहिल्या दिवसापासून काही समजावून सांगावं लागत नाही. बी-12 ची गोळी, जिलेटिन नसलेली कॅप्सूल, चामडं नसलेले ऑफिसचे बूट, कुठल्या बेकरीच्या पावात दूध पावडर नाही, सगळ्याची उत्तरं तासाभरात मिळतात. शहराची खाण्याची ओळखही तिथेच लवकर होते. वाफेवरचे पोहे, वर शेव आणि जीरावन नावाचा मसाला, इथपर्यंत सहसा अडचण नसते. शेजारच्या जिलेबीचं मात्र विचारावं लागतं, कारण पीठ आंबवताना दही घालतात आणि तळणी तुपाची असू शकते. थंडीतला गराडू, म्हणजे तळलेला कंद, कशात तळलाय तेही विचारा. भुट्ट्याच्या (मक्याच्या) किसात दूध असतं. नवा माणूस हमखास फसतो तो शिकंजीला: इंदूरची शिकंजी लिंबाची नसते, आटवलेल्या दुधाची असते. बाफले, म्हणजे बाटीसारखे कणकेचे गोळे, तर तुपात बुडवूनच येतात.

ग्रुप सगळ्यात जागा होतो तो 1 नोव्हेंबरच्या सुमाराला. तो जागतिक व्हीगन दिन, आणि 1956 साली मध्य प्रदेश स्थापन झाला तोही त्याच तारखेला. नवी ओळख करून घ्यायची तर हा आठवडा चुकवू नका. पुढे लग्नसराई लागली की पॉटलकची हजेरी रोडावते.

पॉटलकमध्ये कमजोर जागा असते ती डब्यांची. सोबत शाकाहारी मित्रमंडळी येतात, प्रेमानं काहीतरी करून आणतात, आणि ‘शाकाहारी’ म्हणजे चालतंच असं धरून चालतात. पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्याचा अर्थ दूध आणि मधासकट शाकाहारी एवढाच. व्हीगन पदार्थांसाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे नियम 2022 साली आले, त्यांचं हिरव्या ‘व्ही’चं चिन्ह वेगळं आहे. ते दिसलं नाही तर घटकांची यादी वाचायची. बिस्किटांत आणि ब्रेडमध्ये ‘मिल्क सॉलिड्स’ असतात. पॉटलकला जाणार असाल तर संयोजकांना एवढंच सुचवा, की प्रत्येक डब्याला चिठ्ठी लावा आणि त्यावर पदार्थाच्या नावाआधी तेल कुठलं ते लिहा. निम्मे प्रश्न तिथेच मिटतात. जैन पाहुणे येणार असतील तर बटाटा, कांदा, लसूण यांचीही नोंद हवी. मूग, मटकी, कैरीचं सार असं काही केलं की दोन्ही पंगती एकत्र बसतात.

घराजवळच्या वाटेची सुरुवात उलट अवघड आणि शेवट सोपा. इथे पहिलं वाक्य येतं, ‘तुपाला काय होतंय? ते तर सात्त्विक!’ यावर वाद घालू नका. ‘व्हीगन’ हा शब्द काकूंना परका आहे. ‘पथ्य’ म्हटलं की आजारपणाची चौकशी होते आणि ते कधी संपणार असं दर भेटीत विचारलं जातं. ‘नेम’ म्हणा. चातुर्मासात भाद्रपदात दही आणि आश्विनात दूध सोडण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे, घरातल्या आजींना ती पाठ असते. ‘काकू, माझा बारा महिन्यांचा नेम आहे, माझ्या वाटचं वरण तूप घालायच्या आधी बाजूला काढाल का?’ हे वाक्य एकदा नीट सांगितलं की पुढच्या वेळी न सांगता वाटी वेगळी निघते. सत्यनारायणाचा शिरा आणि पंचामृत राहतंच. पंचामृतातल्या पाचांपैकी चार गोष्टी आपल्याला चालत नाहीत, तेव्हा प्रसादाचं फळ मागून घ्यावं. कुणी वाईट मानत नाही.

माझा कौल ज्या गोष्टीनं ठरला ती मात्र तुपाची नाही, विरजणाची आहे.

दुधाला पर्याय विकत मिळतो. दह्याला रोजच्या खर्चात बसणारा पर्याय घरीच लावावा लागतो, आणि मराठी जेवण दह्याशिवाय अडतं: कढी, कोशिंबीर, ताक, दहीभात. शेंगदाण्याचं दही असं लागतं. वाटीभर दाणे सात-आठ तास भिजवून सालं काढायची, तीन वाट्या पाण्यात वाटून कपड्यातून गाळायचं, आणि ते दूध सतत ढवळत आठ-दहा मिनिटं उकळायचं. उकळी अर्धवट राहिली तर दह्याला कच्चट वास राहतो. करंगळी सहज बुडवता येईल इतकं कोमट झालं की दोन चमचे विरजण. याहून गरम असताना घातलं तर विरजण मरतं, पार गार झाल्यावर घातलं तर दही तार सोडतं. उन्हाळ्यात सहा तासांत लागतं. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री मात्र पातेलं गव्हाच्या डब्यात खुपसून बारा तास ठेवावं लागतं.

पहिलं विरजण हिरव्या मिरचीच्या देठांपासून करता येतं. पाच-सहा मिरच्यांचे देठ घ्यायचे, टोपीसकट. मिरच्या न धुतलेल्या चालत नाहीत आणि ओल्याही चालत नाहीत. धुऊन पुसून कोरड्या करायच्या आणि देठ कोमट दाण्याच्या दुधात टाकायचे. पण ते पहिलं दही उग्र लागतं, खायच्या कामाचं नसतं. त्याचे दोन चमचे घेऊन दुसऱ्यांदा लावलेलं गोड येतं. म्हणजे विरजण मेलं की दोन दिवस गेले. आणि ते मरतंच: चार-पाच दिवसांत नवं लावलं नाही तर, गावाला गेलात तर, कुणी चुकून सगळं ताक करून टाकलं तर.

अशा वेळी दोनशे जणांच्या ग्रुपमध्ये विरजण मागून पाहा. पाच मिनिटांत तीन माणसं हो म्हणतात. सगळी मनापासून म्हणतात आणि सगळी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतात. राजेंद्र नगरहून विजय नगरला संध्याकाळच्या गर्दीत दोन चमचे दह्यासाठी कोण जाणार? तेच वस्तीत एक घर असेल तर वाटी घेऊन जायचं नि पाच मिनिटांत परत यायचं. महिन्याला एकदा भेटणारी माणसं मला आवडतात, त्यांच्याकडून शिकायलाही मिळतं. पण नेम टिकतो तो बुधवारच्या संध्याकाळी, आणि त्या संध्याकाळी वाटीच्या अंतरावरचा माणूस कामाला येतो.

प्रत्येकाला हेच लागू पडेल असं नाही. वसतिगृहात राहता, स्वयंपाकघर नाही, किंवा भटक्या जनावरांच्या कामात उतरायचं आहे, तर ग्रुपच बरा. गल्लीत ते बळ नसतं. माझ्या मते ग्रुपचा खरा उपयोग दार म्हणून करावा. आत गेल्यावर लांबलचक ओळख न लिहिता एक ओळ टाका: ‘अन्नपूर्णा रोड ते राजेंद्र नगर या भागात कुणी आहे का? विरजण आणि सोयाबीन वाटून घेऊ.’ दोन-तीन घरं हाती लागतात. चौथं घर व्हीगन नसलं तरी चालेल, दुधाची ॲलर्जी असलेलं मूल तिथे असलं तरी पुरे.

सोयाबीनचा उल्लेख मुद्दाम केला. माळव्यात ते मुबलक, सोयाबीनवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्थाही इंदूरलाच आहे. चार घरांत मिळून दहा किलो घेतलं तर परवडतं. फक्त खाण्याचंच मागा. पेरणीच्या बियाण्याला बुरशीनाशक लावलेलं असतं, ते घरात आणू नका. दूध काढताना भिजवलेले दाणे उकळत्या पाण्यात वाटले तर उग्र वास बराच कमी होतो, आणि नंतर पंधरा-वीस मिनिटं उकळणं टाळायचं नाही.

घरं तीन असली तर मे महिन्यात पंचाईत होते, कारण दोन गावाला जातात. चार बरी. दर तीन-चार दिवसांनी पाळीपाळीनं एका घरानं ताजं दही लावायचं आणि बाकीच्यांना दोन-दोन चमचे द्यायचे. सगळेच जाणार असतील तर बर्फाच्या ट्रेमध्ये दही गोठवून ठेवा. महिनाभर तरी निभतं. परतल्यावर दोन खडे आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचे, मग कोमट दुधात घालायचे, आणि पहिल्या खेपेला दोन-तीन तास जास्त धरायचे.