भाड्याचा प्रोजेक्टर आणि सर्वपित्रीची रात्र

माझं पोट रक्तावर चालतं. परळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये एकोणीस वर्षं झाली, रोज सकाळी सातपासून लोकांच्या शिरा शोधते. त्यामुळे खुनाखुनीचा सिनेमा लावला की माझी नजर सुरीच्या आधी रक्ताच्या रंगावर जाते. शिरेतलं रक्त काळपट लाल असतं आणि सुकलं की तपकिरी पडतं. सिनेमात मात्र पहाटेपर्यंत भिंतीवर टोमॅटो सॉस! तरी बघते. लहानपणी चाळीत वर्गणी काढून व्हीसीआर भाड्याने यायचा, त्यात रामसे बंधूंची भुतं बघून जी गोडी लागली ती सुटली नाही.

हे आधी सांगून टाकलं, कारण रिव्ह्यू प्रोजेक्टरचा आहे, पण तो आणला होता मुडदे बघायला. नुसतं ‘पिक्चर क्वालिटी चांगली’ लिहून माझं भागणार नाही.

लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून शनिवार ते रविवार भाड्याने घेतला. भाडं १,२०० रुपये, डिपॉझिट ५,०००. खोक्यावर ठळक अक्षरात ‘फुल एचडी सपोर्टेड’. या ‘सपोर्टेड’मध्येच सगळी मेख आहे. म्हणजे १०८०चा व्हिडिओ दिला तर मशीन तो गिळतं, दाखवतं मात्र आपल्या ७२०मध्येच. दुकानात विचारायचं ते ‘नेटिव्ह रिझोल्यूशन किती?’, म्हणजे मशीन स्वतः किती बारकाईने चित्र दाखवतं, आणि दुसरं, ‘अ‍ॅन्सी ल्युमेन्स किती?’, म्हणजे ठरलेल्या पद्धतीने मोजलेला खरा उजेड. खोक्यावरचा हजारांतला ल्युमेन्सचा आकडा लग्नाच्या बायोडेटातल्या पगारासारखा असतो. मी दोन्ही विचारलं. पहिल्याचं उत्तर मिळालं, दुसऱ्याला काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “ताई, एकदम ब्राइट आहे, टेन्शन घेऊ नका.”

त्या शनिवारी नेमकी सर्वपित्री अमावस्या. माझ्या लक्षातच नव्हतं. गच्चीवर कपड्यांच्या दोरीला डबल बेडची पांढरी चादर चिमट्यांनी लावत होते, तर शेजारच्या काकू वडे आणि काळ्या वाटाण्याची आमटी घेऊन वर आल्या. “आजच्या दिवशी मेलेली माणसं दाखवतेस? घरचे काय कमी होते?” असं म्हणाल्या आणि पुढच्या रांगेत खुर्ची ओढून बसल्या. भाचा ओंकार कॉलेजचे पाच मित्र घेऊन आला होता. मच्छर अगरबत्त्या चार.

पहिला लावला ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’, १९६८चा, जॉर्ज रोमेरोचा. आज झोंबी म्हटलं की जे डोळ्यांसमोर येतं, ते सगळं इथून निघालं, आणि गंमत म्हणजे अख्ख्या सिनेमात झोंबी हा शब्दच नाही. गच्चीवर लावायला हा निवडला त्याला आणखी एक कारण. ऐन वेळी सिनेमाचं नाव बदललं तेव्हा नव्या टायटलवर कॉपीराइटची ओळ टाकायची राहून गेली, आणि अमेरिकेत तो पहिल्या दिवसापासून सगळ्यांचा झाला. नेटवरून उजळ माथ्याने उतरवून घेता येतो. ब्लॅक अँड व्हाइट असल्यामुळे रक्ताच्या जागी चॉकलेट सिरप खपून गेलंय. माझी त्याबद्दल तक्रार नाही. त्या करड्या रंगात सिरप माझ्या ट्यूबमधल्या रक्तापेक्षा खरं वाटतं.

प्रोजेक्टर इथे पास. चादर वाऱ्याने हलत होती, त्यामुळे शेतातून झुलत येणारे मुडदे आणखीच झुलत होते. काकूंनी एकदाच शंका काढली, “याचे पाय सरळ कसे? भुताचे उलटे असतात.” मग थोड्या वेळाने, “हां, हे वेताळाच्या पालखीतले असणार.” कोकणातल्या माणसाला रोमेरो समजावून सांगावा लागत नाही.

दुसरा ‘ट्रेन टू बुसान’, २०१६चा कोरियन. सोलहून बुसानला निघालेल्या गाडीत एक चावलेली मुलगी चढते आणि डबेच्या डबे बिघडत जातात. आम्ही रोज लोकलने जाणारी माणसं. एका डब्यातून पुढच्या डब्यात शिरायची ती मारामारी बघून पोरं घाबरायच्या ऐवजी सल्लेच द्यायला लागली. “अरे बॅग पुढे घे!” “विंडोवाल्याला आधी चावा!” त्यातल्या झोंबींना सरकतं दार उघडता येत नाही, काचेपलीकडे नुसते थोबाडं घासत राहतात. ओंकारचा मित्र म्हणाला, “आपल्याकडे आले तर साध्या लोकलला दारच लावलेलं नसतं.” हा मित्र डोंबिवलीचा. त्यांच्या गावावर २०२२ साली आदित्य सरपोतदारने ‘झोंबिवली’ काढला, तेव्हापासून या विषयातला तज्ज्ञ म्हणवून घेतो.

एक गोष्ट खटकली. या झोंबींना अंधारात दिसत नाही, म्हणून गाडी बोगद्यात शिरली की माणसं त्यांच्यातून हळूच सरकतात. सिनेमातली सगळ्यात छान युक्ती. पण बोगदा आला आणि आमच्या चादरीवर नुसता राखाडी लगदा. झोंबींना दिसत नव्हतं आणि आम्हालाही. बाकी सिनेमा लखलखीत उजेडातला, म्हणून निभावलं.

खरी फजिती तिसऱ्यात. ‘हॅलोविन’, १९७८, जॉन कार्पेंटर. स्लॅशर म्हणजे एक मारेकरी आणि एकेक करत गळणारी पोरं. या धंद्याचा साचा याने पक्का केला. मारेकऱ्याचा मुखवटा म्हणजे दुकानातून दोन डॉलरच्या आत आणलेला ‘स्टार ट्रेक’च्या कॅप्टन कर्कचा रबरी चेहरा; पांढरा फवारा मारला, डोळ्यांची भोकं मोठी केली, झालं. रक्त जवळजवळ नाहीच. मला लॅबवालीला तो आवडतो याचं हेच कारण असेल. भीती सगळी काळोखात ठेवलीय.

आणि काळोख तर या मशीनपाशी नव्हताच. प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही, तो फक्त उजेड फेकतो. पडद्यावर काळं दिसतं ती जागा आजूबाजूला जेवढा अंधार असेल तेवढीच काळी. त्यात स्वस्तातलं मशीन स्वतःच थोडा उजेड गळतं. समोर मिलच्या जागेवर उभा राहिलेला टॉवर, त्याच्या पार्किंगच्या मजल्यांवर रात्रभर ट्यूबलाइट. नायिका हुंदके देत काळ्या दाराच्या चौकटीशी उभी राहते आणि तिच्या मागे त्या काळ्यातून पांढरा मुखवटा हळूहळू उगवतो. कॅमेरामन डीन कंडी याने एक छोटा दिवा डिमरवर हळूहळू चढवत तो उगवलाय. मी वीसेक वेळा बघितलाय, दर वेळी मानेवर काटा येतो. आमच्या चादरीवर चौकट राखाडी, मागे राखाडी, आणि एकदम माणूस हजर. ओंकार म्हणाला, “हा कुठून आला?” बस. सिनेमा तिथेच मेला.

त्यात आवाज. मशीनचा स्पीकर डब्यात माशी अडकल्यासारखा, म्हणून ब्लूटूथ स्पीकर जोडला, तर आवाज चित्राच्या मागून. आधी सुरी, मग किंकाळी. झोंबीपटात चालून गेलं असतं, तिथे सतत कोणी ना कोणी ओरडतच असतं. आणि मशीनचा पंखा एवढा घरघरतो की मुखवट्यातला श्वास ऐकूच येईना.

साडेबाराला सेक्रेटरींचा फोन आला, सभा उठली. मित्र शेवटची गाडी धरायला पळाले. पण मला चैन पडेना. ओंकारला म्हटलं, चल खाली. आमच्या खोलीच्या खिडकीवर गोधडी लावली, दाराच्या फटीत पायपुसणं कोंबलं, फ्रिजचा दिवासुद्धा काळ्या चिकटपट्टीने झाकला. प्रोजेक्टर भिंतीच्या जवळ आणून चित्र छोटं केलं, जेमतेम चार फूट. तेवढाच उजेड कमी जागेत पडला की चित्र आपोआप कडक होतं. स्पीकरला ब्लूटूथ काढून वायर लावली, पंख्याच्या घरघरीपासून लांब, आमच्या पाठीमागे ठेवला. आणि पहिल्यापासून लावला. तो पाच मात्रांचा पियानो सुरू झाला, कार्पेंटरने स्वतःच बांधलेला, आणि गच्चीवर मांडीवर ताल धरणारा ओंकार या वेळी हात उशीखाली घेऊन बसला.

दाराच्या चौकटीचा प्रसंग आला. कोळशासारखा काळा नाही झाला, खोटं कशाला सांगू. पण पुरेसा झाला. मुखवटा उगवला. ओंकार काही बोलला नाही.

तर ज्यांना घ्यायचाय त्यांच्यासाठी: गच्चीवर दहा-बारा टाळकी आणि झोंबी असतील तर १,२०० रुपयांना हा प्रोजेक्टर जरूर घ्या. स्लॅशरसाठी गच्चीवर नेऊ नका. बंद खोली, छोटं चित्र, दोनच माणसं. वायर स्वतःची न्या, सोबत दिलेली आखूड आहे. आणि दुकानातून निघताना लेन्सचं झाकण आहे का बघा. मला दिलंच नव्हतं, परत करताना त्याचे २०० रुपये डिपॉझिटमधून कापले. वाद घातला, पण पावतीवर ‘विथ कॅप’ लिहिलेलं, खाली माझीच सही.

राहता राहिला एक पुरावा. आमच्या चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला. झोंबींचा सिनेमा संपल्यावर पोरं तिकडे खिदळत गेली होती, एकमेकांना चावत. पहाटे तीनला ओंकारने मला हलवलं. “आत्या, शेवटपर्यंत चल ना जरा.” एकोणीस वर्षांचा घोडा. मी गेले, बाहेर उभी राहिले. गॅलरीतला दिवा गेलेला होता. तो बाहेर आला तेव्हा मी आत शिरता शिरता त्याला म्हटलं, “आता तू हलू नकोस इथून.”